वर्ध्याच्या तळ्यांत जेलीफिशचे भाऊबंद

जेलीफिश आणि प्रवाळ ही नावे उच्चारताच डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो. वर्धा जिल्ह्याचा आणि समुद्राचा तसा काहीच संबंध नाही. वर्ध्याहून मुंबई लोहमार्गाने साडेसातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे हे जीव येथील वाचकाला केवळ दूरचित्रवाणीवर पाहण्याचे आणि दहावीच्या पुस्तकात पाठ करण्याचे वाटले, तर त्यात नवल नाही. प्राणिशास्त्राचा हिशेब मात्र वेगळा आहे. याच कुळातील एक जीव देशभरातील स्वच्छ, संथ गोड्या पाण्यात, पाणवनस्पतींच्या देठांना चिकटून राहतो. त्याचे नाव हायड्रा, मराठी पुस्तकांतील जलव्याल. जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या या जीवामुळेच प्रवाळ हा वनस्पती नसून प्राणी आहे, हे अठराव्या शतकातील युरोपच्या विद्वानांना अखेर मान्य करावे लागले. वर्गीकरण म्हणजे रुक्ष नावांची यादी नव्हे, हे या कुळाच्या कथेतून जेवढे स्पष्ट होते तेवढे क्वचितच अन्यत्र होते.

मासा नव्हे, फूल नव्हे, दगडही नव्हे

या कुळाची नावेच दिशाभूल करणारी आहेत. जेलीफिशच्या नावात मासा आहे. पण तिला ना पाठीचा कणा, ना कल्ले, ना खवले. समुद्रफूल दिसते फुलासारखे, पण ते मासे गिळते. प्रवाळ हाताला दगडासारखा लागतो, पण तो दगड म्हणजे असंख्य इवल्या प्राण्यांनी मिळून बांधलेले घर असते. बाह्य रूपात काडीचेही साम्य नसलेल्या या जीवांना शास्त्रज्ञांनी निडारिया या एकाच संघात बसविले आहे. जुन्या पुस्तकांत याच संघाला सिलेंटेराटा म्हटलेले आढळते. आजमितीस या संघात दहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतांश समुद्रात राहतात, गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती तुलनेने थोड्या आहेत.

या सर्वांची शरीररचना कमालीची साधी असते. शरीर एखाद्या पिशवीसारखे, तिला एकच तोंड. अन्न आत घेण्याचे आणि उरलेला चोथा बाहेर टाकण्याचे काम त्याच तोंडातून चालते. तोंडाभोवती लांब, लवचिक शुंडके असतात. पिशवीची भिंत पेशींच्या दोन थरांची असते आणि त्या दोहोंमध्ये मऊ, पारदर्शक द्रव्य भरलेले असते. जेलीफिशमध्ये हेच द्रव्य मोठ्या प्रमाणात असल्याने तिचे शरीर जवळपास पाण्याचेच बनलेले भासते. किनाऱ्यावर पडलेली जेलीफिश उन्हात काही तासांत वाळून जाते ती यामुळेच.

हृदय, रक्त, फुफ्फुसे आणि मेंदू यांपैकी काहीही या प्राण्यांना नसते. संपूर्ण शरीरात पसरलेले चेतापेशींचे जाळे मेंदूचे काम भागविते. डावी-उजवी बाजू नसून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सर्व दिशांना सारखी रचना असल्याने त्यांना आरीय सममित म्हणतात. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर या कुळाने ५० कोटींहून अधिक वर्षे काढली आहेत. वर्धा जिल्ह्यातील कपाशीची काळी जमीन ज्या बेसाल्ट खडकापासून बनली, त्या खडकाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कुळाच्या प्राचीनतेची कल्पना येते.

दंशपेशी : कुळाची खूण

इतक्या भिन्न जीवांना एकत्र आणणारी खूण म्हणजे दंशपेशी. या पेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी असून तीत गुंडाळी केलेली पोकळ नळी असते. भक्ष्याचा स्पर्श होताच कुपीचे झाकण उघडते आणि आतील प्रचंड दाबामुळे नळी बाहेर फेकली जाऊन भक्ष्याच्या अंगात घुसते. त्यासरशी विष आत सोडले जाते. हायड्राच्या दंशपेशीचे अतिवेगवान चित्रीकरण करून २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिले, की हा प्रहार अवघ्या ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात पूर्ण होतो. प्राणिसृष्टीतील अत्यंत वेगवान हालचालींमध्ये तिची गणना होते.

दंशपेशीचे हे काम स्वयंचलित असते. त्यासाठी प्राण्याच्या आज्ञेची गरज नसते, किंबहुना प्राणी जिवंत असण्याचीही गरज नसते. किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशला हात लावणाऱ्यालाही दंश होतो, त्याचे कारण हेच. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे जीव मोठ्या संख्येने वाहून आले आणि अनेक पर्यटकांना त्यांचा दंश झाला. 'ब्लू बॉटल' या नावाने परिचित असलेला हा जीव म्हणजे फायसेलिया. पावसाळी वाऱ्यांबरोबर हे जीव मुंबईच्या किनाऱ्यांवर येऊन पडतात. दंश झाल्यास ती जागा चोळू नये, चिकटलेले शुंडक उघड्या हाताने ओढू नये, समुद्राच्याच पाण्याने जागा धुवावी आणि त्रास वाढल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. सुटीत कुटुंबासह समुद्रावर जाणाऱ्या विदर्भातील पर्यटकांनी हे ध्यानात ठेवणे हिताचे ठरेल.

विशेष म्हणजे, फायसेलिया ही खरी जेलीफिश नव्हेच. तो एक प्राणीदेखील नव्हे. एकमेकांना जोडलेल्या अनेक लहान जीवांची ती वसाहत आहे. कोणी तरंगण्याचे, कोणी शिकारीचे, कोणी पचनाचे, तर कोणी प्रजननाचे काम पाहतो. नात्याने ती जेलीफिशपेक्षा तळ्यातील हायड्राला अधिक जवळची आहे.

एकच साचा, दोन रूपे

या कुळातील प्राणी दोन रूपांत आढळतात. पहिले रूप पॉलिपचे. एका टोकाने खडकाला किंवा वनस्पतीला चिकटलेली नळी आणि वरच्या टोकाला तोंड व शुंडके. दुसरे रूप मेड्युसाचे. हीच नळी पसरट करून उलटी केली आणि पाण्यात सोडली, तर जी तरंगती छत्री तयार होईल, ती मेड्युसा. जेलीफिश म्हणून आपण ओळखतो ते हेच रूप.

काही प्राणी आयुष्यात दोन्ही रूपे धारण करतात. ऑरेलिया या परिचित जेलीफिशचे पिल्लू आधी खडकाला चिकटून पॉलिप म्हणून वाढते. पुढे त्या पॉलिपच्या आडव्या चकत्या पडत जातात आणि एकावर एक रचलेल्या थाळ्यांमधून एकेक थाळी सुटावी तशा लहानग्या जेलीफिश सुटून पोहू लागतात. प्रवाळ आणि समुद्रफुले जन्मभर पॉलिपच राहतात. हायड्राचेही तसेच, तो छत्रीचे रूप कधीच घेत नाही. कोणता जीव कोणते रूप किती काळ धारण करतो, यावर या संघाचे वर्गीकरण बऱ्याच अंशी उभे राहिले.

जलव्यालाचा प्रयोग

जलव्याल म्हणजे पाण्यातील सर्प. लिनियस याने १७५८ मध्ये या जीवाला ग्रीक पुराणातील अनेकमुखी सर्पाचे, हायड्राचे नाव दिले. त्या सर्पाचे एक मुंडके तोडले, की तेथे दोन उगवत. आपल्याकडील वाचकाला रक्तबीजाची आठवण होईल. नाव देण्यामागे तसेच कारण होते.

हेगजवळ एका उमरावाच्या मुलांना शिकविणाऱ्या अब्राहम ट्रेम्ब्ले या शिक्षकाला १७४० मध्ये तळ्यातून आणलेल्या पाण्यात हिरव्या रंगाचे बारीक जीव दिसले. ही वनस्पती की प्राणी, असा प्रश्न त्याला पडला. वनस्पतीचे तुकडे पुन्हा वाढतात, प्राण्याचे वाढत नाहीत, असा त्या काळचा समज होता. ट्रेम्ब्लेने एका हायड्राचे दोन तुकडे केले. काही दिवसांत दोन्ही तुकडे वाढून दोन पूर्ण हायड्रा तयार झाले. कसोटीनुसार ही वनस्पती ठरायला हवी होती. पण तो जीव चालत होता, शुंडकांनी भक्ष्य पकडत होता आणि ते गिळतही होता. अखेर कसोटीच चुकीची आहे, असा निष्कर्ष काढावा लागला. ट्रेम्ब्लेने हे प्रयोग १७४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्राण्यांमधील पुनरुत्पादनक्षमतेच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला.

हायड्राच्या अंगावर कळी फुटावी तसे पिल्लू फुटते आणि वाढ पूर्ण होताच ते आईपासून वेगळे होते. त्याच्या शरीरातील मूळपेशी सतत विभागत राहतात आणि जुन्या पेशींची जागा नव्या घेतात. डॅनिएल मार्टिनेझ या संशोधकाने चार वर्षे हायड्रांचे निरीक्षण करून १९९८ मध्ये असे नोंदविले, की वयानुसार त्यांच्या मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे आढळत नाही. वार्धक्य म्हणजे काय, याचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये या क्षुद्र जीवाला मानाचे स्थान मिळाले ते त्यामुळेच.

पोवळ्याचे कोडे

सराफ्यात मिळणारे लाल पोवळे मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत घातले जाते. नवरत्नांत त्याची गणना होते आणि आयुर्वेदात प्रवाळभस्मही वापरले जाते. हे रत्न प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येत असे. हिरा, माणिक, पाचू ही रत्ने खाणीतून निघतात. पोवळे मात्र एका प्राण्याचा सांगाडा आहे. पण हे सत्य मान्य होण्यास फार काळ जावा लागला.

फांद्या फुटलेला हा लाल 'दगड' युरोपातील विद्वान समुद्रातील झुडूप समजत. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या मार्सिली याने ताजे प्रवाळ समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली दिसली. झाले, वनस्पती असल्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर मार्सेलिसचा वैद्य पेसोनेल याने ही फुले नसून इवले प्राणी आहेत, असे मत मांडले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील मातब्बर शास्त्रज्ञ रेओमूर यांना हे इतके विचित्र वाटले, की त्यांनी १७२७ मध्ये त्याचे म्हणणे अकादमीपुढे मांडताना त्याचे नावही उघड केले नाही.

ट्रेम्ब्लेच्या हायड्राने हे चित्र पालटले. झाडासारखा फुटवा येणारा, तुकड्यांतून वाढणारा जीवही प्राणी असू शकतो, हे सिद्ध होताच प्रवाळाकडे नव्या नजरेने पाहिले गेले. त्यावरील 'फुले' म्हणजे हायड्रासारखेच पॉलिप होते. रेओमूर यांनी १७४२ मध्ये पेसोनेलला त्याचे श्रेय जाहीरपणे दिले. समुद्रातील प्रवाळाचे कोडे गोड्या पाण्यातील त्याच्या भाऊबंदाने सोडविले, ते असे.

बदलत गेलेली वंशावळ

लॉयकार्ट याने १८४७ मध्ये या प्राण्यांना सिलेंटेराटा, म्हणजे पोकळ पोटाचे प्राणी, असे नाव दिले. त्यात कंकतजेली नावाने ओळखल्या जाणाऱ्या पारदर्शक प्राण्यांचाही समावेश होता. हाट्शेक याने १८८८ मध्ये त्यांना वेगळे केले. कंकतजेली दिसते जेलीफिशसारखी. पण ती केसांच्या आठ पट्ट्यांनी पोहते आणि या कुळाची खूण असलेली दंशपेशी तिला स्वतःची नसते.

आज निडारिया संघाचे मुख्य गट पुढीलप्रमाणे मानले जातात. प्रवाळ, समुद्रफुले आणि समुद्रपंखे हे जन्मभर पॉलिप राहणारे प्राणी पहिल्या गटात येतात. त्यातही शुंडके सहाच्या पटीत असणारे आणि नेमकी आठ असणारे, असे दोन विभाग आहेत. समुद्रात बेटे उभारणारे कठीण प्रवाळ पहिल्या विभागातील, तर सराफ्यातील लाल पोवळे दुसऱ्या विभागातील. खऱ्या जेलीफिशचा गट वेगळा. चौकोनी छत्रीच्या, अतिविषारी घनजेलीफिशचा गट वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील मृत्यूंमुळे तो कुप्रसिद्ध आहे. देठाने चिकटून राहणाऱ्या जेलीफिशना २००४ मध्ये स्वतंत्र वर्ग मिळाला. हायड्रा, फायसेलिया आणि गोड्या पाण्यातील जेलीफिश यांचा मिळून हायड्रोझोआ हा वर्ग होतो.

सर्वांत आश्चर्यकारक भर मिक्सोझोआ या गटाची. माशांच्या कल्ल्यांवर, खवल्यांखाली पांढरट पुळ्यांच्या रूपाने वाढणारे हे सूक्ष्म परजीवी दीर्घकाळ एकपेशीय समजले जात. त्यांच्या बीजाणूंमध्ये दंशपेशीसारखीच गुंडाळलेली नळी असते, ही बाब काही अभ्यासकांना खटकत होती. जनुकांच्या अभ्यासाने अखेर ते जेलीफिशचेच अत्यंत आक्रसलेले वंशज असल्याचे सिद्ध केले. सामन माशातील त्यांच्या एका जातीला श्वसनाची जनुके असलेला सूत्रकणिकेतील जनुकसंचच नाही, असे २०२० मध्ये आढळून आले. रोहू, कटला यांसारख्या भारतीय माशांवरही या गटातील परजीवी आढळतात. तलावात मत्स्यबीज सोडणाऱ्या संस्थांचे नुकसान करणारा हा रोग जेलीफिशच्या कुळातून आला आहे, हे सांगितल्यास कोणाचा विश्वास बसणार नाही.

मालवणचे आघारकर आणि सह्याद्रीतील जेलीफिश

गोड्या पाण्यात चक्क छत्रीच्या रूपातील जेलीफिशही असते आणि तिच्या शोधाशी महाराष्ट्राचे नाव जोडलेले आहे. १८८४ मध्ये मालवण येथे जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना पश्चिम घाटात भ्रमंती करीत. १९११-१२ च्या सुमारास कृष्णेच्या खोऱ्यातील प्रवाहांत त्यांना लहान, पारदर्शक जेलीफिश आढळल्या. या प्रकारची जेलीफिश तोवर आफ्रिकेतच, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी आढळत असल्याचे ज्ञात होते. नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी तिचे वर्णन करून तिला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. हेच अ‍ॅनन्डेल पुढे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले.

आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली आणि १९९२ मध्ये त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. योगायोग असा, की याच आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व सहकाऱ्यांनी हायड्रावर दीर्घकाळ संशोधन केले. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या हायड्राची जनुकीय ओळख त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' या नावाने तो वाण जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे.

नावापाठोपाठ संरक्षण

एखाद्या जीवाला नेमके नाव मिळाले, की कायद्याला त्याची दखल घेता येते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि अग्निप्रवाळ यांचा समावेश झाला. यांतील अग्निप्रवाळ नावाला प्रवाळ, नात्याने हायड्राचा आप्त. पण यादीत गटांची नावे शास्त्रीय असल्याने तोही सुटला नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी व हाजी अली येथील खडकांवर प्रवाळ आढळले, तेव्हा याच कायद्यामुळे वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलविण्यात आल्या. मालवणच्या समुद्रातील प्रवाळांना १९८७ पासून सागरी अभयारण्याचे छत्र आहे. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे.

कायद्याचे कवच वाढत्या तापमानापुढे मात्र अपुरे पडते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि सूर्यप्रकाशातून बनविलेले अन्न त्याला पुरवितात. पाणी नेहमीपेक्षा दीड-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि स्थिती सुधारली नाही तर मरतो. जागतिक पातळीवरील अशी चौथी आपत्ती सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही त्या वर्षी तिची झळ बसली.

गोड्या पाण्यातील भाऊबंदांकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. संरक्षित यादीतील या कुळाची नावे समुद्रातील आहेत. हायड्रा तांबे, जस्त, शिसे यांसारख्या धातूंना आणि अनेक कीटकनाशकांना अतिशय संवेदनशील असल्याने पाण्यातील विषारीपणा तपासण्यासाठी प्रयोगशाळा त्याचाच उपयोग करतात. विष वाढले, की त्याचे शुंडके आखडतात, शरीर गोळा होते आणि शेवटी विरघळून जाते. कपाशी आणि सोयाबीनच्या शेतांतून फवारणीचे पाणी वाहून ओढ्या-नाल्यांत येते. धाम, बोर, वणा, यशोदा या नद्यांच्या काठच्या जिल्ह्याला पाण्याच्या शुद्धतेचा असा विनामूल्य पहारेकरी उपलब्ध असताना त्याची नियमित नोंद ठेवणे अवघड नाही. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना ते सहज जमण्यासारखे आहे.

हायड्रा पाहण्यासाठी महागड्या उपकरणांचीही गरज नाही. हिवाळ्यात स्वच्छ तलावाच्या काठावरून पाणवनस्पतींसह पाणी काचेच्या बरणीत भरावे आणि बरणी खिडकीशी, परंतु थेट ऊन लागणार नाही अशा ठिकाणी, एक-दोन दिवस न हलविता ठेवावी. पाण्यात हायड्रा असतील, तर ते हळूहळू उजेडाच्या बाजूला सरकून काचेला चिकटतात. साध्या भिंगातून बारीक दोऱ्याच्या सुटलेल्या टोकासारखे त्यांचे शुंडके दिसतात. धक्का लागताच ते आक्रसून ठिपक्याएवढे होतात. निरीक्षण आटोपल्यावर पाणी पुन्हा त्याच तलावात सोडावे. एखाद्या तलावात ते वर्षानुवर्षे सापडत असतील आणि एके वर्षी सापडेनासे झाले, तर त्या पाण्याची तपासणी करून घेण्याची वेळ आली आहे, असे समजावे.